बालनाट्याचा खर्च कोणी सोसावा?



ब्रायन वे यांनी १९५३ साली लंडनमध्ये 'थिएटर सेंटर' ही संस्था उभी केली आणि बालनाट्य रंगमंचावरून शाळेच्या सभागृहात आणले. मुले नटांभोवती जमिनीवर बसत; आवाज काढून, हालचाली करून कथा पुढे नेत. साहजिकच प्रेक्षक मोजके ठेवावे लागत. हजारांच्या गर्दीत एका मुलाचे म्हणणे नटाच्या कानी कसे पडणार?

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उद्भवतो. गिरणीत यंत्रामुळे दर कामगारामागे उत्पादन वाढते. नाट्यप्रयोगाला मात्र पूर्वीइतकीच माणसे आणि तितकाच वेळ लागतो. म्हणून त्याचा खर्च तुलनेने वाढत जातो, हे बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ साली दाखवून दिले. त्यात प्रेक्षकही वाढवता येत नसतील, तर तिकीट महागते आणि हा आनंद सुखवस्तू घरांपुरता उरतो.

कोणी म्हणेल, काठीचा घोडा करायला मुलाला नाटक कशाला हवे? नको, हे खरे. परंतु धाकटे भावंड कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीचा खेळ रोजच अर्ध्यावर मोडतो. तिचा घोडा एखाद्या मोठ्या माणसाने खरा मानावा, ही तिची गरज आहे, चैन नव्हे.

१९८९ च्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमाने खेळाचा आणि कलेतील सहभागाचा हक्क मान्य केला. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. तेव्हा नटांचे मानधन सरकारने द्यावे आणि हे नाटक अंगणवाडीच्या अंगणात न्यावे. शाळेच्या फळ्याचा खर्च आपण तिकिटातून वसूल करीत नाही.