पिशवी पुढे, दिवा कुठे?

(डोंबिवलीत सायकल चालवणाऱ्या स्त्रियांच्या एका शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

सकाळपासून आपण पंक्चर काढलं, चेनला तेल दिलं, ब्रेक घट्ट केले. आता संध्याकाळ होत आली आणि आपल्यातल्या तिघीचौघींनी घड्याळाकडे बघायला सुरुवात केली आहे. दिव्याचा विषय मी म्हणूनच शेवटी ठेवला. घड्याळाकडे बघण्याचा आणि दिव्याचा संबंध आहे.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं तेव्हा समुपदेशन शिकले, गटबांधणी शिकले, अहवाल लिहायला शिकले. नटबोल्टला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे कुणी शिकवलं नाही. ते मी पडल्यावर शिकले. तर आधी पडल्याची गोष्ट सांगते.

माझ्या सायकलच्या हँडलला पुढे पिशवी असते. तक्रार अर्जांच्या झेरॉक्स, वही, डबा, पाण्याची बाटली, पॅडचं पाकीट, पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद, असं सगळं तिच्यात. लांबच्या प्रवासाला गेले तरी पिशवी तीच आणि जागाही तीच. मागच्या कॅरियरवर बांधली तर गर्दीत कुणी हात घातलेला कळत नाही. पुढे असली की नजरेसमोर राहते.

तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता सोनारपाड्याकडून घरी येत होते. सात वाजून गेले होते. रस्त्यावरचे दिवे एक आड एक बंद होते. हँडलवर माझा दिवा लावलेला होता, सेल नवीन होते, दिवा चालू होता. तरीही समोरचा खड्डा मला दिसला नाही. मनगट मुरगळलं, गुडघा फुटला आणि कागद चिखलात गेले.

घरी काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. कुणी रागावलं नाही. फार प्रेमाने हळद लावली आणि तितक्याच प्रेमाने सांगितलं, "आता अंधार पडल्यावर सायकल नको." खड्डा राहिला तिथेच, बंद दिवे राहिले तसेच, आणि माझी संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी रात्री मी सायकल बिल्डिंगच्या भिंतीसमोर उभी केली, पिशवी नेहमीसारखी भरली आणि दिवा लावला. तेव्हा कळलं. दिवा हँडलच्या मधोमध आणि भरलेली पिशवी त्याच्या पुढे. अर्धा उजेड पिशवीच्या पाठीवर पडून माझ्याच डोळ्यांत येत होता. त्या झगमगाटाने मला पुढचं अजूनच कमी दिसत होतं. उरलेला उजेड पिशवीच्या वरून लांब जात होता आणि चाकापुढच्या रस्त्यावर पिशवीची मोठी काळी सावली पडत होती. खड्डा त्या सावलीत होता.

मैत्रिणींनो, दुकानात मिळणारा बहुतेक दिवा हँडलवर बसवायचा असतो. म्हणजे तो ज्याच्या हँडलपुढे काही नाही अशा माणसासाठी आहे. बाईची सायकल सहसा रिकामी नसते. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याची हकीकत तुमच्यापैकी काहीजणींनी वाचली असेल. १९९१ नंतर तिथे साक्षरता मोहिमेबरोबर सायकल शिकण्याची मोहीम निघाली. शीला राणी चुंकत तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या आणि १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारांहून अधिक जणींनी सायकलफेरी काढली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. त्या बायका सायकलवर पाणी आणत होत्या, शेतमाल नेत होत्या, मुलांना बसवत होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेण्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या दांड्यावर पोर बसतं. म्हणजे बाई सायकलवर बसली की तिच्या कामाचं ओझंही बसतं. ते ओझं धरूनच दिव्याचा विचार करायला हवा.

आता कामाला लागू. ही माझी सायकल, ही पिशवी, हा दिवा. जवळ या.

पहिली जागा: पिशवीच्या वर. हँडलला एक छोटा जोडदांडा लावून दिवा पुढे आणि उंच न्यायचा. पिशवी बुटकी असेल तर चालतं. पण दांडा लांब झाला की दिवा थरथरतो आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर दोन दिवसांत खाली मान घालतो. शिवाय पिशवी फुगली की पुन्हा सावली येतेच.

दुसरी जागा: पिशवीवरच, पुढच्या बाजूला. कापडी पिशवीवर लावू नका. ओझ्याने पिशवी झुकते, तिच्याबरोबर दिवाही झुकतो. लेडीज सायकलला तारेची घट्ट जाळी असेल तर मात्र जाळीच्या पुढच्या तोंडाला क्लॅम्पने दिवा लावता येतो. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे घसरत नाही.

तिसरी जागा मला सगळ्यात पसंत आहे. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली येणारा चिमटा, दुकानदार ज्याला फोर्क म्हणतो, त्याच्या माथ्यावर चाकाच्या बरोबर वर बहुतेक सायकलींना एक भोक असतं. मडगार्डचा किंवा पुढच्या ब्रेकचा बोल्ट त्यातून जातो. त्या बोल्टला एक वाकवलेली पत्ती लावायची आणि पत्तीवर दिवा. तो पिशवीच्या खाली येतो, मधोमध येतो आणि रस्त्याजवळ येतो. दिवा खाली असला की खड्ड्याच्या कडेची सावली लांब पडते, त्यामुळे खड्डा लवकर ओळखू येतो. वरून पडणाऱ्या उजेडात तोच खड्डा सपाट दिसतो.

इथे तीन गोष्टी तपासायच्या. एक, पिशवी पूर्ण भरून बघा. रिकामी पिशवी दिव्यापासून चार बोटं वर असते, भरली की त्यावर टेकते. दोन, हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. ब्रेकची वायर किंवा दिव्याची वायर ताणली जाता कामा नये. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पत्ती ढिली राहता कामा नये. ती फिरून दिवा चालत्या चाकात गेला तर चाक जागीच अडकेल आणि तुम्ही हँडलवरून पुढे फेकल्या जाल. ब्रेकचा बोल्ट उघडला असेल तर परत आवळून, ब्रेक दाबून, सायकल ढकलून बघा. खात्री नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभं राहून. "मिस्टरांना पाठवा" असं तो म्हणाला तर सांगा, सायकल मी चालवते.

ज्यांच्या सायकलला पुढे शॉकअप आहेत त्यांना असं भोक मिळेलच असं नाही. त्यांच्यासाठी चौथी जागा: चिमट्याचा एक पाय, वरच्या भागात. यात एक तोटा आहे. चाक मध्ये येतं आणि दुसऱ्या बाजूला त्याची सावली पडते. आपण रस्त्याच्या डावीकडून जातो, खडी, गटाराची झाकणं आणि तुटलेली कड बहुतेक डावीकडेच असते. म्हणून एकच दिवा असेल तर तो डाव्या पायावर लावा आणि जमेल तितका पुढे काढा.

डोक्याला बांधायचा दिवाही मिळतो. रात्री पंक्चर काढायला त्याच्यासारखी सोय नाही. पण तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून जोडीला ठेवा, त्याच्यावरच विसंबू नका.

दिवा लागला, आता त्याची मान. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर, म्हणजे साधारण १६ फुटांवर, उभी करा. दिवा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या निम्म्या उंचीवर उजेडाचा मध्य भिंतीवर पडला पाहिजे. मग रस्त्यावर तो साधारण १० मीटर पुढे पडतो. ताशी १५ किलोमीटरने जाताना आपण सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त जातो. म्हणजे खड्डा दिसल्यावर आपल्याला सव्वादोन-अडीच सेकंद मिळतात. ब्रेक लावायला तेवढे पुरतात. शिवाय उजेड खाली राहतो, समोरून येणारीला अंधारी येत नाही.

लुकलुकणारा दिवा आपण दिसावं म्हणून असतो आणि स्थिर दिवा आपल्याला दिसावं म्हणून. रस्ता बघायला स्थिरच हवा. मागे लाल दिवा हवाच. चकाकणारी पट्टी दुसऱ्याचा उजेड परत फेकते, तिला स्वतःचा उजेड नसतो.

जुन्या लोकांना डायनॅमो आठवत असेल. टायरला घासणारी बाटली, ६ व्होल्ट, ३ वॅट. सेलचा खर्च नाही, पण पायाला जड, आणि सायकल थांबली की दिवा गेला. जिथे थांबावं लागतं तिथेच बाईला उजेड हवा असतो. आताचे चार्जिंगचे एलईडी दिवे त्या मानाने सोयीचे. फक्त रात्री फोनबरोबर दिवाही चार्जिंगला लावायची सवय करा आणि सायकल उभी करताना काढून घ्या, नाहीतर चोरीला जातो.

हे सगळं मी एकटीने शोधून काढलेलं नाही. आपल्या गटात एक ताई आहेत, एका दवाखान्यात आयाचं काम करतात. दुपारपाळी सुटली की गोळवलीपर्यंत सायकलने जातात. त्याही एकदा अशाच पडल्या. घरात ठरलं की दुपारपाळी सोडायची. सकाळची पाळी मिळत नव्हती, म्हणजे कामच सोडायचं. त्यांच्या सायकलला जाळी होती आणि दिवा जाळीच्या मागे होता. आम्ही दोघींनी एका रविवारी तो चिमट्यावर आणला. तास गेला, एक पत्ती आणि दोन नटबोल्ट लागले. त्या आजही कामावर जातात. त्यांच्या घरातला प्रश्न एका दिव्याने सुटला असं मी म्हणणार नाही. पण "पडशील" हे कारण तरी उरलं नाही. आता खरं कारण काय ते बोलावं लागतं.

कारण हिशेब करून बघा. नोव्हेंबर अखेरीला आपल्याकडे संध्याकाळी सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सकाळी सातच्या सुमाराला उगवतो. तेरा तास. बाईने अंधारात बाहेर पडू नये असं म्हणणं म्हणजे दिवसाच्या अर्ध्याहून जास्त वेळ तिने आत राहावं असं म्हणणं. त्या तेरा तासांत पहाटेची लोकल आहे, क्लासवरून परतणारी मुलगी आहे, रात्रपाळी आहे.

हिवाळ्यात आम्ही पाचजणी मुरबाडला सायकलने गेलो. पहाटे पाचला निघालो. शहाड मागे टाकलं, म्हारळ, वरप, कांबा गेलं. सगळ्यांच्या हँडलला पिशव्या आणि सगळ्यांचे दिवे चिमट्यावर. रायत्याच्या पुलावर पोचलो तेव्हाही अंधारच होता. पाच दिव्यांचा उजेड पुढच्या रस्त्यावर एकमेकांत मिसळत होता. एकजण म्हणाली, "एवढ्या पहाटे घराबाहेर मी फक्त बाळंतपणाला गेले होते."

पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विसाव्या वर्षी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं गेलं, तरी तिने प्रवास पुरा केला. तिचं नाव मी तुम्हाला भरीस घालायला घेत नाही. सांगायचं इतकंच की दिवा सगळ्या धोक्यांवरचा उपाय नाही. खड्ड्यापासून दिवा वाचवतो. माणसापासून वाचायला इतर माणसं रस्त्यावर लागतात, त्यातही बायका लागतात.

म्हणून शेवटी एक धोका सांगते आणि थांबते. आपण सगळ्या आपापला दिवा लावू आणि रस्त्यावरचा दिवा बंदच राहील, असं व्हायला नको. "तुमच्याकडे दिवा होता ना, मग पडलात कशा?" असं उद्या कुणी विचारू नये. म्हणून आज घरी जाताना प्रत्येकीने आपल्या रस्त्यावरचे बंद खांब मोजायचे आणि खांबांवरचे नंबर लिहून आणायचे. पुढच्या बैठकीत आपण एकच अर्ज करू, सगळ्यांच्या सह्यांनी, आणि पोच घेऊ. पोच पिशवीत ठेवू, पिशवी हँडलला लावू.

आणि दिवा? तो पिशवीच्या खाली. चला, पाने घ्या. अंधार पडायच्या आत सगळ्या सायकलींना दिवे बसवून होतील.