एक लक्ष सहा हजार सूचना

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च या शहराचें नांव आपल्यापैकीं बहुतेकांच्या कानांवरून गेलें असेल तें क्रिकेटच्या निमित्तानें. इंग्लंडांतून येणाऱ्या वसाहतवाल्यांसाठीं एडवर्ड जॉली नांवाच्या तरुण मोजणीदारानें १८५० सालीं या शहराचा नकाशा आंखला. रस्ते सरळ, एकमेकांस काटकोनांत छेदणारे, मध्यें चौक, आणि या साऱ्या चौकटींतून वाटेल तशीं वळणें घेत जाणारी एव्हन नदी. पट्टीनें आंखलेल्या या शहरांत पट्टीस न जुमानणारी वस्तु काय ती ही नदीच. या शहरांत जे राहावयास यावयाचे होते त्यांचें मत घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांपैकीं बहुतेकांनीं अद्याप इंग्लंडचा किनाराहि सोडला नव्हता. आणि ज्यांची ही भूमि पिढ्यान्‌पिढ्यांची, त्या नाय ताहू या माओरी जमातीचें मत विचारावें हें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसावें.

श्रोतेहो, शहरें बहुधा अशींच आंखलीं जातात. आंखणारा एक असतो आणि राहणारे दुसरे असतात. क्राइस्टचर्चमध्यें एकशें साठ वर्षांनंतर हा क्रम कांहीं काळ उलटला. तो कसा उलटला आणि पुढें त्याचें काय झालें, हें मी आज आपणांस सांगणार आहें.

४ सप्टेंबर २०१० रोजीं पहाटे या प्रदेशास भूकंपाचा जबर धक्का बसला. शहर जागेंहि झालें नव्हतें, रस्ते मोकळे होते, म्हणून लोक थोडक्यांत बचावले. पुढें २२ फेब्रुवारी २०११ रोजीं भर दुपारीं दुसरा धक्का बसला. तो पहिल्याच्या मानानें लहान होता. परंतु शहराच्या अगदीं जवळ आणि जमिनीखालीं उथळ असल्यामुळें त्यानें १८५ माणसांचा बळी घेतला. त्यांपैकीं ११५ माणसें एकाच इमारतींत गाडलीं गेलीं. शहराच्या मध्यभागास कुंपण घालून सैनिकांचा पहारा बसविण्यांत आला. हें कुंपण पुरतें निघावयास जून २०१३ उजाडला, आणि तोंवर मध्यभागांतील एक हजाराहून अधिक इमारती पाडण्यांत आल्या किंवा पाडण्याच्या यादींत गेल्या होत्या. आपल्या शहराच्या पेठा, कचेऱ्या, नाटकगृहें, उपाहारगृहें हीं सारीं सव्वादोन वर्षें कुंपणाच्या जाळींतून पाहावयाचीं, आणि तींहि एकेक करून नाहींशीं होत असतांना, ही स्थिति डोळ्यांसमोर आणून पाहावी.

या कथेंत समाजमाध्यमांचा प्रवेश होतो तो चर्चेच्या नव्हे, तर फावड्याच्या रूपानें. भूकंपाच्या हादऱ्यानें तेथील पाणथळ जमीन पातळ होऊन तींतून वाळूमिश्रित चिखल वर उसळला व घराघरांतून, अंगणांतून, रस्त्यांतून साचला. सॅम जॉन्सन या विद्यार्थ्यानें फेसबुकवर एक पान उघडून आपल्या सहाध्यायांस हांक दिली. आणि हजारों विद्यार्थी फावडीं व हातगाड्या घेऊन अनोळखी माणसांच्या दारांत उभे राहिले. फेब्रुवारींतील धक्क्यानंतर तर ही फौज दहा हजारांच्या घरांत गेली. तरुण मंडळी त्या पडद्यासमोर वेळ दवडतात अशी तक्रार घरोघरीं ऐकूं येते, व ती सर्वस्वीं खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु ज्या साधनानें फावडें हातीं दिलें त्याच साधनानें लेखणीहि हातीं देतां येईल, हें त्या शहराच्या नगरपालिकेच्या ध्यानांत आलें, आणि तें तिनें वेळेवर ओळखलें.

एप्रिल २०११ मध्यें झालेल्या भूकंप-पुनर्रचनेच्या कायद्यानें नगरपालिकेवर एक काम सोंपविलें होतें : नऊ महिन्यांच्या आंत शहराच्या मध्यभागाचा नवा आराखडा तयार करून मंत्र्यांपुढें ठेवावयाचा. नऊ महिने म्हणजे नगररचनेच्या मानानें घटकाभर. असल्या घाईंत तज्ज्ञांस कोंडून घेऊन आराखडा काढावा व मग लोकांस दाखवावा, हा राजमार्ग होता. नगरपालिकेनें तसें केलें नाहीं. मे महिन्यांत ‘शेअर अन आयडिया’, म्हणजे ‘आपली कल्पना सांगा’, या नांवाची मोहीम तिनें उघडली आणि आराखड्याची एक रेघहि उमटण्यापूर्वीं शहरास विचारलें कीं, तुम्हांस येथें काय हवें आहे ?

प्रश्न चार विभागांत मांडले होते : मोकळी जागा, जीवन, ये-जा आणि बाजार. उत्तरें संकेतस्थळावर लिहावीं, फेसबुक-ट्विटरवर कळवावीं, छापील पत्रकावर भरून द्यावीं. ज्यास जें सोयीचें वाटेल तें त्यानें करावें. मे महिन्याच्या मध्यास दोन दिवसांचें एक प्रदर्शन भरविलें, तेथें दहा हजारांवर लोक आले. रंगीत चिठ्ठ्यांवर आपले विचार लिहून त्यांनीं भिंती भरून टाकल्या. मुलांनीं ठोकळे रचून आपलें शहर उभें केलें. सहा आठवड्यांत एक लक्ष सहा हजार सूचना जमल्या. शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या आसपास. जुन्या पद्धतीनें चार भिंतींच्या आंत सभा बोलावली असती, तर नेहमींचींच शेंपन्नास माणसें येऊन नेहमींचेंच बोलून गेलीं असतीं.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावयास हवी. सूचना गोळा करणें सोपें आहे. त्या वाचणें कठीण आहे. एक लक्ष वाक्यें कोणीं तरी वाचलीं पाहिजेत, त्यांची वर्गवारी केली पाहिजे, आणि ‘झाडें हवींत’ असें म्हणणारा व ‘उन्हाला बसावयास जागा हवी’ असें म्हणणारा हे दोघे कोठें एक आहेत व कोठें वेगळे, हें ओळखलें पाहिजे. डेन्मार्कचे प्रसिद्ध वास्तुशास्त्रज्ञ यान गेल यांच्या संस्थेनें भूकंपापूर्वींच या शहराचा अभ्यास केला होता, व या कामींहि तिचें साह्य झालें. शिवाय, सूचना म्हणजे मत नव्हे. एकच गोष्ट हजार जणांनीं सांगितली म्हणून ती मंजूर, असा हा हिशेब नसतो. आणि एकट्यानेंच सांगितलेली गोष्ट केवळ एकट्याची म्हणून टाकाऊहि ठरत नाहीं.

या राशींतून जें चित्र उमटलें तें आश्चर्य वाटण्याइतकें स्पष्ट होतें. लोकांस बुटक्या इमारती हव्या होत्या. ज्यांनीं उंच इमारती कोसळतांना पाहिल्या त्यांनीं दुसरें काय मागावें? पायीं व सायकलनें हिंडतां येतील असे रस्ते, झाडें, बागा हव्या होत्या. आणि ज्या नदीकडे शहरानें दीडशें वर्षें पाठ फिरविली होती, तिच्याकडे तोंड करून बसावें असें बहुतेकांस वाटत होतें. त्यावरून नगरपालिकेचा आराखडा झाला. नदीकांठीं सलग बाग, गाभ्यांत सात मजल्यांची मर्यादा, केंद्रापासून विद्यापीठापर्यंत हलकी रेल्वे, अशा गोष्टी त्यांत होत्या. डिसेंबर २०११ मध्यें तो मंत्र्यांकडे गेला.

मात्र या मोहिमेचें कौतुक करतांना तिची एक उणीव झांकून ठेवणें बरें नव्हे. भूकंपाचा अधिक मार बसला तो शहराच्या पूर्वेकडील सामान्य वस्त्यांना. त्याच जून महिन्यांत सरकारनें जमिनींची प्रतवारी जाहीर केली, आणि कालांतरानें सात हजारांवर घरें ‘तांबड्या पट्ट्यांत’ गेलीं, म्हणजे तेथें पुन्हां वस्ती करूं नये असें ठरलें. ज्याचें घर जाणार कीं राहणार हेंच ठाऊक नाहीं, त्यास मध्यभागांत उपाहारगृहें कशीं असावींत असें विचारणें हें ऐकणाऱ्यास कसें वाटलें असेल ? पत्रकें छापलीं, प्रदर्शन भरविलें, हें योग्यच झालें. पण ज्याच्या मनास स्वस्थता आहे तोच सूचना लिहितो, ही गोष्ट कोणत्याहि माध्यमानें बदलत नाहीं.

आपल्याकडील रीत याहून वेगळी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्या कायद्याप्रमाणें आधीं प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, आणि मग नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागविल्या जातात. शब्दांचा क्रमच पाहा : आधीं हरकत, मग सूचना. फेब्रुवारी २०१५ मध्यें मुंबईचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हां साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, आणि एप्रिलमध्यें सरकारनें तो आराखडा दुरुस्तीसाठीं परत पाठविला. आंकडा दोन्हीकडे मोठाच. परंतु एकीकडे लोक कोऱ्या कागदावर लिहीत होते आणि दुसरीकडे छापलेल्या कागदावर फुल्या मारीत होते. रागावलेला नागरिक नकाशांतील चूक अचूक शोधतो, हें खरें. पण त्यास काय हवें होतें, हें त्या फुलीवरून कळत नाहीं.

आतां क्राइस्टचर्चच्या पुढील हकीकतीकडे वळूं. एप्रिल २०१२ मध्यें भूकंप-पुनर्रचनेचे मंत्री गेरी ब्राउनली यांनीं नगरपालिकेचा आराखडा जसाच्या तसा न स्वीकारतां मध्यभागासाठीं सरकारचें स्वतंत्र खातें निर्माण केलें, व शंभर दिवसांत नवा नकाशा काढण्यास सांगितलें. तो ३० जुलै २०१२ रोजीं प्रसिद्ध झाला. या शंभर दिवसांत लोकांस पुन्हां विचारण्यांत आलें नाहीं. नदीकांठची बाग राहिली, उंचीची मर्यादा राहिली. हलकी रेल्वे गेली, वाहतुकीचें प्रकरण पुढें ढकललें गेलें. आणि परिषदगृह, क्रीडांगण अशा भव्य प्रकल्पांस अग्रस्थान मिळालें. सरकारची बाजू अशी कीं, पैसा राष्ट्राच्या तिजोरींतून यावयाचा, गुंतवणूक करणाऱ्यांस निश्चिति हवी, आणि लोकांच्या इच्छांस किंमतीची चिठ्ठी जोडलेली नसते. ही बाजू अगदींच पोकळ नाहीं. परंतु तसें होतें तर अंतिम निर्णय कोणाचा, हें मे २०११ मध्यें त्या रंगीत चिठ्ठ्यांच्या भिंतीपाशींच मोठ्या अक्षरांत लिहावयास हवें होतें. कायद्यांत तें होतें. पण चिठ्ठी लिहिणाऱ्यानें कायदा वाचलेला नसतो.

ज्या जागा रिकाम्या पडल्या होत्या तेथें लोक मात्र थांबले नाहींत. ‘गॅप फिलर’ या संस्थेनें अशाच एका मोकळ्या जागेवर २०१२ सालीं नाचावयाची फरशी घातली व शेजारीं एक जुनें धुलाईयंत्र ठेवलें. त्यांत नाणें टाकलें कीं दिवे लागावेत, कर्णे वाजूं लागावेत आणि आलेल्यांनीं आपल्या पसंतीच्या गाण्यावर नाचावें ! इंग्लंडचे तेव्हांचे युवराज चार्ल्स यांनींहि त्या वर्षीं तेथें पावलें टाकलीं. कोणाहि तज्ज्ञाच्या आराखड्यांत ही वस्तु आली नसती. पुढें नदीकांठच्या मुलांच्या क्रीडांगणासाठीं शाळांतून स्पर्धा लावली, तींत हजारों मुलांनीं आपल्या कल्पना पाठविल्या. बालवाङ्मयाच्या लेखिका मार्गरेट माही यांचें नांव दिलेलें हें क्रीडांगण डिसेंबर २०१५ मध्यें खुलें झालें, आणि तें पहिल्या दिवसापासून भरून गेलें. परिषदगृह खुलें व्हावयास डिसेंबर २०२१ यावा लागला.

विचारलें असतां लोक नेहमीं काटकसरीचें, शहाणपणाचें किंवा तज्ज्ञांस आवडणारेंच उत्तर देतील, अशा भ्रमांत मात्र कोणीं राहूं नये. मोठ्या क्रीडागाराचा खर्च वाढत वाढत २०२२ सालीं ६८ कोटी ३० लक्ष डॉलरांवर गेला, तेव्हां नगरपालिकेनें पुन्हां लोकांस विचारलें. सुमारें तीस हजार उत्तरें आलीं, व त्यांतील बहुसंख्य लोकांनीं ‘बांधा’ असें सांगितलें. नगरपालिकेनें बांधण्याचा ठराव केला. आणि चौकांतील पडझड झालेलें जुनें कॅथीड्रल ? तें पाडावें कीं पुन्हां उभारावें, यावर शहरानें कोर्टांत, वर्तमानपत्रांत, समाजमाध्यमांत वर्षानुवर्षें वाद घातला. २०१७ सालीं धर्मसभेनें मतदान करून पुन्हां उभारण्याचें ठरविलें. काम सुरू झालें. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्यें पैशाअभावीं तें थांबविण्यांत आलें.