बिनगिअरच्या गाडीतलं गिअर ऑइल

 

आज बचतीवर आणि कर्जावर नाही, गाडीवर बोलायचं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या दारात आता बिनगिअरची स्कूटी उभी असते. बहुतेक वेळा जुनी, कुणाकडून तरी घेतलेली. तिच्यावर दूध डेअरीला जातं, मसाल्याच्या पुड्या बाजारात जातात, बँकेत आणि ग्रामसंघाच्या बैठकीला आपण तिच्यावरच जातो. ही गाडी आठ दिवस बंद पडली तर धंदा आठ दिवस थांबतो, हप्ता मात्र थांबत नाही.

इंजिनचं ऑइल बदलायचं हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण याच गाडीत दुसरंही एक तेल असतं, ते वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. ते म्हणजे गिअर ऑइल. बैठकीत हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “अहो ताई, गाडीला गिअरच नाहीत, मग गिअर ऑइल कुठलं?”

बरोबर आहे प्रश्न. आपल्या देशात १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तेव्हापासून आपण अशा स्कूटरला बिनगिअरची म्हणत आलो. पण बिनगिअरची म्हणजे आपल्याला गिअर टाकावा लागत नाही, एवढंच. पिठाच्या गिरणीत मोटरवरून जात्याकडं पट्टा जातो, तसा या गाडीत इंजिनकडून मागच्या चाकाकडं पट्टा जातो. वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पट्टा वर सरकतो आणि गाडी आपोआप वरच्या गिअरला गेल्यासारखी पळते. पट्ट्याची ताकद शेवटी चाकाला देतात ती दात्यांची चाकं. ती मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला एका बंद डबीत असतात. ती तेलात भिजलेली राहिली तर टिकतात. तेल आटलं किंवा खराब झालं की दातावर दात घासतो. आंब्याच्या घाटात मागं माणूस आणि पुढं पोतं घेऊन चढताना सगळा भार याच दातांवर येतो.

आणि तेल लागतं किती? बहुतेक स्कूटींत साधारण शंभर ते दीडशे मिली. चहाचा एक कप! तेवढ्यासाठी अख्खी डबी खोलायची वेळ येऊ द्यायची का?

आता हे घरी कसं बदलायचं ते ऐका. वही-पेन घ्या.

आधी गाडीची पुस्तिका बघा. नसेल तर शोरूममध्ये गाडीचं मॉडेल सांगून विचारा. तेल कुठल्या ग्रेडचं आणि किती मिली, हे दोन आकडे लिहून आणा. काही गाड्यांना इंजिनमधलंच तेल चालतं, काहींना वेगळं लागतं. अंदाजानं तेल घालायचं नाही.

सामान थोडंच लागतं. बोल्टच्या मापाचा रिंग पाना, जुनं भांडं, चिंध्या, बोल्टखालची नवी वॉशर आणि तेल भरायला मोठी कोरी सिरिंज. जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते ती चालते, सुई मात्र लावायची नाही. पक्कड वापरू नका, बोल्टचे कोपरे झिजतात.

गाडी पाच-दहा मिनिटं फिरवून आणा, म्हणजे तेल पातळ होऊन नीट निथळतं. मग सपाट जागी मेन स्टँडवर लावा, बंद करा आणि किल्ली काढून घ्या. पोरांना लांब ठेवा. सायलेन्सर तापलेला असतो, त्याला हात लागू देऊ नका.

डबीला दोन बोल्ट असतात. वरचा तेल भरायचा, खालचा तेल सोडायचा. इंजिन ऑइलचा बोल्ट वेगळा, तो पुढं इंजिनच्या खाली असतो. दोन्हींत गल्लत झाली तर इंजिन कोरडं पडेल, म्हणून पुस्तिकेतलं चित्र बघूनच पाना लावा.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आधी वरचा बोल्ट ढिला करा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून दिलं असेल, तर नवं तेल भरणार कुठून? वरचा निघाला तरच खालचा खोला.

निघालेलं तेल नीट बघा, ते गाडीची तब्येत सांगतं. काळपट असेल, थोडी बारीक करडी भुकटी असेल, तर घाबरायचं कारण नाही. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. आपल्याकडं पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी घालावी लागते, त्यामुळं हे होऊ शकतं. असं तेल लगेच बदला आणि पाणी आलं कुठून ते मेस्त्रीला बघायला सांगा. धातूचा तुकडा निघाला तर पुढं काही करू नका, गाडी मेस्त्रीकडंच न्या.

पूर्ण निथळलं की नवी वॉशर घालून खालचा बोल्ट लावा. आधी हातानं फिरवा, मग पान्यानं बेताचं आवळा. डबी ॲल्युमिनियमची असते, जोर लावला तर आटे जातात. मग सिरिंजनं मोजून तेल भरा आणि वरचा बोल्ट लावा. टायरवर थेंब पडला असेल तर साबणानं धुवून काढा, नाहीतर पहिल्याच वळणावर गाडी घसरेल. थोडं चालवून या आणि खाली ओल दिसते का ते बघा. पट्ट्याचं झाकण मात्र खोलायचं नाही. पट्टा कोरडाच चालतो, त्याला तेल लागलं तर तो घसरतो.

जुनं तेल भाताच्या खाचरात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. चुलीत जाळू नका, जनावराच्या जखमेला तर लावूच नका. बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या, तिथं ते जमा होतं.

मुंबईच्या पोरानं जुनी ऑटोमॅटिक कार गावी आणून लावली असेल, तर हीच युक्ती तिला लावू नका. तिच्या तेलाच्या दाबावरच तिचे गिअर बदलतात. खालचा बोल्ट उघडला तरी बरंचसं तेल आतच राहतं, आणि पातळी बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल तापल्यावरच बघावी लागते. शिवाय नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. ते काम गॅरेजमध्येच करायचं. पण तेल कुठलं घातलं आणि किती, हे मात्र विचारून घ्या.

पंचसूत्रीप्रमाणं आपण लेखे लिहितोच. त्याच वहीत मागं एक पान गाडीसाठी ठेवा. तारीख, मीटरचा आकडा, तेलाचा ग्रेड आणि किती मिली, एवढंच लिहा. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाकडून हा हिशेब मिळाला नसेल, तर एकदा तेल बदलून तिथूनच सुरुवात करा. पुढं कधी बदलायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

हे पान हातात असलं म्हणजे मेस्त्रीपुढंही आपण “बघा हो, काय झालंय” म्हणत उभ्या राहत नाही. काय केलंय आणि काय करायचं राहिलंय, ते आपणच सांगतो. पुढच्या बैठकीत एकीची गाडी मधे लावा, चौघीजणी बसून बोल्ट ओळखा, आणि पहिलं तेल जाणत्या माणसाला शेजारी उभं करून, पण स्वतःच्या हातानं बदला.