डग्गा हरवला की फोम बघा
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चेअरमनसाहेबांनी मला ‘बचत आणि नियोजन’ हा विषय सुचवला होता. बँकेत 36 वर्षं तेच बोललो, म्हणून आज विषय बदलून घेतला. आपल्याकडे बऱ्याच घरांच्या माळ्यावर जुना स्टिरिओ पडून आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याकडे जातो. तो देण्याआधी माझं थोडं ऐका.

स्पीकरचा कोन मागेपुढे हलतो तेव्हा आवाज होतो. हा कोन पत्र्याच्या फ्रेमला थेट चिकटवलेला नसतो. दोहोंमध्ये एक मऊ, फुगीर कडं असतं. 1954 साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान स्पीकरमधून खर्जाचा आवाज काढून दाखवला. त्यासाठी कोन सैल, मोकळा हलायला हवा. पुढे त्या कड्यासाठी फोम सर्रास वापरात आला. फोम हलका, स्वस्त, पण अल्पायुषी. हवेतला दमट अंश आणि उष्णता त्याला खातात. 15-20 वर्षांत बोट लावलं की भुगा होतो. स्पीकर वाजवला नाही, वर कापड घालून जपला, तरीसुद्धा होतो! बाकी चुंबक, कॉइल, कोन बहुधा ठणठणीत असतात.

माझं मूळ गाव लिंबागणेश, बीड तालुक्यातलं, भालचंद्र गणपतीचं. तिथल्या घरी माझे जुने स्पीकर पत्र्याखाली ठेवलेले. बीडसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यातही फोम वाचला नाही; उन्हाळ्यात तो पत्रा कसा तापतो ते गावाकडच्यांना सांगायला नको. एक भजन लावलं, तर गायकाचा आवाज येतोय, टाळ येतायत, आणि डग्गा गायब. त्याच्या जागी नुसती फरफर.

बीडच्या दुकानदारानं सांगितलं, “काका, फोम कुठं बदलत बसता, अख्खा कोनच टाकून देतो.” त्याचंही बरोबर, त्याला रोज वरातीचे स्पीकर भरायचे असतात. पण मला तोच आवाज हवा होता. कारण एक कॅसेट. 1986 साली आई जात्यावर बसली असताना मी रेकॉर्ड केलेली. भाच्यानं ती मोबाईलवर घेऊन दिली, पण मोबाईलवर आईच्या ओव्या ऐकू येतात, जातं ऐकू येत नाही. त्याची घरघर खर्जात असते, मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला ती झेपत नाही. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आता 82 वर्षांची आहे. ती म्हणाली, “ही बाई गाती खरं, पण दळत न्हाई.”

तर पद्धत सांगतो. आधी दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारख्या दाबानं हळूच आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतेय किंवा जळलीय. मग फोम बदलून उपयोग नाही. माप घेताना ‘8 इंची’ या लेबलावर जाऊ नका. कोनाचा बाहेरचा व्यास, फ्रेमचा आतला व्यास आणि फुगवट्याची रुंदी, तिन्ही मोजा. चेक पास करताना सही जुळवतो तशी मापं जुळली पाहिजेत. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा, नाहीतर नातवाला मागवायला सांगा. मूळ कडं फोमचं असेल तर फोमचंच घ्या. रबर टिकतं जास्त, पण जड पडतं, आवाज बदलतो.

जुना फोम आणि डिंक खरवडायला मला दोन दुपारी लागल्या. इथं घाई केली की कागदी कोन फाटतो. मग मधली टोपी ब्लेडनं अलगद उचलायची, आणि कॉइल व मधला लोखंडी खांब यांच्या फटीत जुन्या एक्स-रेच्या चार सारख्या पट्ट्या घालायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर राहते. (आमच्या वयात एक्स-रेला तोटा नाही.) नवी रिंग आधी कोनाला चिकटवायची, कागदी कोनाला पांढरा फेव्हिकॉल चालतो, प्लास्टिकच्या कोनाला वेगळा गोंद लागतो. ती धरली की बाहेरची कड फ्रेमला. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पट्ट्या काढून कोन दाबून बघा. खरखर नसेल तर टोपी परत चिकटवा. एकच फाटलेला दिसला तरी जोडीतले दोन्ही बदला, नाहीतर डावं-उजवं सारखं वाजत नाही.

आक्कानं ती कॅसेट जमिनीवर बसून ऐकली. मध्येच म्हणाली, “आता मूठ टाकली बघ.” मला ते कळलं नव्हतं. धान्याची नवी मूठ पडली की जात्याचा आवाज क्षणभर जड होतो, ते तिला ऐकू आलं. तिनं ते जातं ओढलेलं होतं. नंतर तिनं कोणत्या ओवीला कोणाचं नाव आहे ते एकेक सांगितलं, भाच्यानं वहीत उतरवून घेतलं. त्यातल्या तीन बायका कोण, हे आता गावात तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

माझ्याकडे एक्स-रेच्या कापलेल्या पट्ट्या भरपूर आहेत. रविवारी दहानंतर मी घरीच असतो. स्पीकर जोडीनं आणा, तारांना लाल-काळी खूण करून आणा. रिंगचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, चहा आमच्याकडे.