जुने घर घेताना विजेच्या तारा तपासा



गोव्यात जुने घर विकत घेणारा गृहस्थ जांभ्या दगडाच्या भिंती, तुळया, कौले आणि विहिरीचे पाणी बारकाईने पाहतो. विजेचा दिवा लागला की मात्र त्याचे समाधान होते. परंतु दिवा लागतो म्हणजे तारा निर्धोक आहेत, असे नव्हे.

पूर्वी लाकडी पट्ट्यांवरून रबरी आवरणाच्या तारा नेत असत. हे रबर कालांतराने कडक होऊन तडकते, पट्ट्यांना वाळवी लागते आणि पावसाळ्यात ओलाव्याच्या वाटेने वीज भिंतीत उतरते. शिवाय दोन-चार दिव्यांसाठी टाकलेल्या बारीक तारांवर गीझर, इस्त्री वा शीतकपाट यांचा भार पडला की त्या तापतात. फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्यात जाड तार घालणे, हे तर आगीलाच आमंत्रण होय.

म्हणून खरेदीखत होण्यापूर्वी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. त्याने मुख्य स्विच बंद करून व उपकरणे काढून मेगर यंत्राने तारांचे रोधन मोजावे. ते १ मेगओहमपेक्षा कमी भरता कामा नये. अर्थिंगची तार प्रत्येक तीनपिनी सॉकेटपर्यंत पोहोचते की नाही, हेही पाहावे. घरात ३० मिलिअँपिअरचे गळतीरक्षक उपकरण बसवावे. वीज गळू लागताच ते क्षणार्धात प्रवाह तोडते.

तारा बदलण्याचा खर्च घराच्या किमतीतच धरून सौदा करावा. ज्या मुलाबाळांसाठी घर घ्यावयाचे, त्यांच्या जिवापुढे तो खर्च मोठा नाही.