वजन घटविण्याची शस्त्रक्रिया आणि पाण्याचा नेम



मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली आणि या उपचाराचे नाव घरोघरी पोहोचले. त्यानंतरच्या पथ्याची चर्चा मात्र बहुधा अन्नाभोवतीच फिरते. मला आज पाण्याविषयी बोलावयाचे आहे.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीसारख्या जठरात तांब्याभर पाणी एकदम मावत नाही. घाईने प्यायल्यास छातीत दाटते, उलटी होते. म्हणून रुग्ण पाणी टाळतो. शरीरातील पाणी घटणे हे पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

सामान्यतः दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव लागते. जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी वर्ज्य असते. आता चौविहाराचा हिशेब मांडू. हिवाळ्यात कळवणचा दिवस सुमारे ११ तासांचा. नवकारसीची ४८ मिनिटे आणि तीन जेवणांचे तीन तास वजा जाता सातच तास उरतात. दर १५ मिनिटांनी ५५ मिलिलिटर, असे २८ वेळा घेतले तर जेमतेम दीड लिटर होते. दुकानात गिऱ्हाईक आले, चार पाळ्या चुकल्या, की तूट पडली. ती सूर्यास्तापूर्वी घटाघट पिऊन भरून निघत नाही.

मग व्रत सोडावे काय? तसे नाही. पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. रात्री अन्न वर्ज्य करून पाणी मोकळे ठेवणारा तिविहारही आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांपुढे हा प्रश्न ठेवावा. उपवास, आयंबिल डॉक्टरांच्या संमतीनेच करावे. उकळून गार केलेले पाणी उत्तम. सोडा व गोड सरबते टाळावीत.

आपल्या तालुक्यातील शेतकरी ठिबकचे मोल जाणतो. या रुग्णालाही पाटपाणी नको, ठिबक हवे. घरच्यांनी वाटी हाताशी ठेवावी, वेळेची आठवण द्यावी.

लघवी गडद व कमी होणे, चक्कर, धडधड, पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काही दिसल्यास “नाशिक लांब आहे, सकाळी पाहू” असे म्हणू नये. त्याच वेळी डॉक्टरांना गाठावे.

संयम म्हणजे केवळ त्याग नव्हे, विवेकाने घेणेही आहे. घोट लहान असावा, नेम मात्र चुकू नये. जय जिनेंद्र!