शाकारणीचा पैसा



पावसाळा तोंडावर आला आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी या दिवसांत कौले उतरवून, झाडून, पुन्हा बसविण्याचे काम चालू असेल. या शाकारणीला खर्च थोडा येतो. दहावीस कौले, एखादा वासा. पण हरसूलच्या पावसात ती चुकली, की पुढे भिंतच जाते. 'जुन्या वास्तूंना नवे काम आणि त्यासाठी लागणारा पैसा' हा आजचा विषय मला या एका अनुभवातच सामावलेला दिसतो.

ओस पडलेली चावडी, धर्मशाळा, जुनी शाळा कोसळते ती कशाने? आपण म्हणतो, वयाने. माझे म्हणणे, ती रिकामेपणाने कोसळते. आत माणूस वावरत नसला, म्हणजे गळती कोणाला दिसावयाची? पुण्यातली दोन उदाहरणे पाहा. शनिवारवाडा १८२८ साली जळाला, आणि आज त्याचे तट व चौथरे तेवढे उरले आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात मात्र १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ साली त्यालाही आग लागली आणि मोठा भाग जळाला; पण तो पुन्हा उभारण्यात आला. पुढे १९५९ पर्यंत तेथे शहराच्या कारभाराची कचेरी होती. धनी बदलले, काम बदलले, पण वाडा कामात राहिला. म्हणून पहिला प्रश्न पैशाचा नव्हे, उपयोगाचा आहे.

आता पैशाकडे वळू. १९६०च्या राज्य कायद्याखाली ज्या वास्तू संरक्षित आहेत, त्यांच्यासाठी सरकारने २००७ साली 'महाराष्ट्र वैभव' ही संगोपन योजना काढली. संस्था किंवा कंपनी स्मारकाचे पालकत्व घेऊ शकते. नळदुर्गचा किल्ला अशाच रीतीने २०१४ साली एका कंपनीकडे देखभालीस गेला. पण गावची चावडी संरक्षित यादीत नसते. तिला ही वाट बंद. दुसरी वाट २०१३च्या कंपनी कायद्याची. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे, आणि ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती हे त्या कामांत स्पष्टपणे धरलेले आहे. तिसरी वाट आपल्या घरचीच आहे. पेसा कायद्याच्या गावांना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट मिळावा, असा निर्णय राज्याने २०१५ साली घेतला. त्याचा विनियोग ग्रामसभेने ठरवावयाचा आहे.

येथे कोणी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की उन्हाळ्यात जेथे बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात, तेथे जुन्या भिंतींवर पैसा का घालावा? माझे उत्तर असे आहे. भिंतीसाठी म्हणून घालूच नये. पण गावाला अंगणवाडी हवी आहे, वाचनालय हवे आहे, बचतगटाला बसावयास जागा हवी आहे. ही कामे जुन्या वास्तूत बसतात का, एवढे आधी तपासावे. भिलार येथे २०१७ साली 'पुस्तकांचे गाव' झाले ते एका नव्या मोठ्या इमारतीत नव्हे. लोकांची राहती घरे, शाळा आणि मंदिरे यांतच पुस्तके ठेवली गेली.

तपासण्याला मात्र पैसा लागतो, आणि नेमका तोच कोणी देत नाही. जागेचा उतारा कोणाच्या नावावर आहे? वासे कितपत किडले आहेत? चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला, तर ओल आत कोंडून दगडविटा खराब होतात, हे जाणणारा गवंडी आहे का? मुले बसवावयाची तर छप्पर निर्धोक आहे, असे अभियंत्याने लिहून दिले आहे का? हे कागद हाती नसले, म्हणजे देणाऱ्यापाशी अर्जसुद्धा करता येत नाही. इंग्लंडात १९७६ साली यासाठी एक निधी स्थापन झाला. तो स्थानिक संस्थांना प्रथम चाचपणीपुरते अनुदान देतो, मग कर्ज देतो. फिटलेले कर्ज पुढच्या वास्तूकडे जाते. आपल्याला हे नवल वाटावयाचे कारण नाही. आपली भिशी याहून फारशी वेगळी नाही. दहा गावांनी मिळून अशी भिशी घातली, तर दर वर्षी एका वास्तूचे कागद तरी तयार होतील.

आणि शेवटची गोष्ट. दुरुस्तीचा पैसा बाहेरून आणावा, त्यात लाज नाही. शाकारणीचा पैसा मात्र गावाचाच असावा. सभागृहाचे भाडे, वाचनालयाची वर्गणी, चार दिवसांचे श्रमदान, कशातूनही तो उभा राहो. पण उद्‌घाटनाच्या दिवशीच त्याची तजवीज झालेली असावी. ती नसली, तर लाखोंचे काम दोनतीन पावसांत वाहून जाते, आणि किल्ली ज्याच्या पैशावर आपण विसंबलो त्याच्या खिशात राहते.

तुमचे आजोबा कुडाची घरे दर वर्षी सारवीत आणि शाकारीत आले. त्यांना कोणी अनुदान दिले नव्हते. आपले म्हणून जे असते, ते पावसाआधी पाहिले जाते. गावच्या त्या बंद दाराकडे यंदा मृगापूर्वी एकदा जाऊन, आत किती गळते ते पाहून या, एवढीच माझी विनंती आहे.